पाच डबे आणि एक तलवार

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सॉसच्या पुड्या कशा साठतात ते कोणालाच सांगता येत नाही. मुद्दाम कोणी ठेवत नाही, फेकून द्यायचं जिवावर येतं, आणि एक दिवस ड्रॉवर बंदच होत नाही. आमच्या जेवणाच्या सुट्टीतल्या किश्श्यांचं तसंच झालंय. ड्रॉवर अडकला, म्हणून लिहायला बसले.

वागळे इस्टेटमध्ये आमची कंट्रोल पॅनल बनवणारी छोटी कंपनी. मी टेस्टिंगला. माझ्या टेबलावर एक म्हातारा कॉम्प्युटर होता. जुन्या टेस्ट बेंचला दुसरा कुठलाच चालायचा नाही, म्हणून त्याला जिवंत ठेवलेलं. त्यात मी एक जुना रोल-प्लेइंग गेम टाकून ठेवलेला. पाच जणांची टोळी, वरून दिसणारी चिमुकली माणसं. गावोगाव फिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, अधूनमधून मारामारी करायची, आणि वाचायचं मात्र ढीगभर!

हा गेम मी कल्याणला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे तेव्हा, रिकाम्या बॅचच्या वेळात खेळले होते. संपवलाही. शेवट इतका सुंदर होता, की कोणाला तरी हाताला धरून दाखवावा असं वाटलं. पण वर्गात होत्या फक्त तीस खुर्च्या आणि मी. तेव्हापासून माझी एकच हौस. कोणीतरी शेजारी बसावं आणि तो शेवट माझ्याबरोबर बघावा.

घरच्यांवर प्रयोग करून झाले. नवरा दुसऱ्या गावापर्यंत आला आणि खुर्चीतच झोपला. भावाने "बघू गं" म्हणत दहा वर्षं काढली. बहिणीच्या मुलीने पाच मिनिटं शांतपणे स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "मावशी, अजून लोड होतंय का?"

लोड झालेलं होतं. ते तसंच दिसतं!

*

ऑफिसात पहिला सापडला तेजस. कल्याणजवळच्या मोहन्याचा, ड्रॉइंग करणारा, चोवीस वर्षांचा. "मॅडम, मी गेमरच आहे," म्हणत डबा घेऊन आला.

दोन मिनिटांत त्याने विचारलं, "ॲरो कुठाय?"

"कसला ॲरो?"

"कुठे जायचं ते दाखवणारा."

"तसलं काही नसतं. लोकांना विचारायचं."

तो घाबरला. "म्हणजे, अनोळखी लोकांना?"

शेवटी त्याने एका शेतकऱ्याला विचारलं. शेतकऱ्याने दहा ओळींत रस्ता सांगितला. तेजसने पहिल्या दोन वाचल्या, ओढ्यापाशी डावीकडे वळला, आणि लांडग्यांनी अख्खी टोळी फस्त केली.

"मॅडम, ये तो चीटिंग है! डावीकडे लांडगे आहेत हे सांगायला नको?"

"सांगितलंय. सातव्या ओळीत."

"एवढं कोण वाचतं यार!"

"मी वाचते," मागून आवाज आला.

ती सुरेखा. डोंबिवलीची, आमच्याकडे परचेस बघते. कोटेशनच्या मागे बारीक टायपात छापलेल्या अटी शेवटपर्यंत वाचणारी बहुधा ठाणे जिल्ह्यातली एकमेव बाई. तिने डबा उचलला, तेजसला खुर्चीवरून उठवलं आणि सातवी ओळ मोठ्याने वाचून दाखवली. दोन झाले!

*

सुरेखा आल्याने टोळीचं कल्याण होईल असं मला वाटलेलं.

पहिल्या गावातला लोहार तलवार विकत होता. आमच्याकडे पैसे होते. मी म्हटलं, "घेऊन टाक."

"एका दुकानात विचारून? तीन कोटेशन्स लागतात."

"अगं, हा गेम आहे."

"म्हणून काय कुठूनही उचलायचं?"

झालं. दोन आठवडे आम्ही काठ्या घेऊन गावं पालथी घातली. दुसऱ्या गावात तलवार महाग, तिसऱ्यात बोथट. परत पहिल्या गावात आलो, तर गोष्टीप्रमाणे शत्रूने ते गाव जाळून टाकलेलं. लोहार पळालेला, दुकानाची राख!

मी कपाळाला हात लावला. सुरेखाने शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला. "बघितलंस? अशा पार्टीला ऑर्डर दिली असती तर?"

*

तिसरे आले पेडणेकर काका. स्टोअर्स सांभाळणारे, रिटायरमेंटला आलेले, मूळचे मालवणकडचे, बोलणं मात्र एकदम पुस्तकी. त्यांच्या सहीशिवाय आमच्याकडे स्क्रूसुद्धा जागचा हलत नाही.

या जुन्या गेम्समध्ये एक रीतच आहे. कोणाच्याही घरात शिरायचं, कपाटं उघडायची, मिळेल ते पिशवीत टाकायचं. कोणी काही म्हणत नाही. मी सवयीने एका घरात शिरले आणि पेटी उघडली.

"वृषाली!"

मी दचकले. इतक्या वर्षांत काकांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"समोर त्या घरची बाई बसली आहे. आणि तू तिच्या देखत तिची पेटी उघडतेस?"

"काका, ती काही बोलत नाही."

"म्हणूनच तर लाज वाटायला हवी!"

मग मतदान झालं. आमच्यात कुठलीही गोष्ट मताला टाकायची आणि हात वर करायचा तो डावा, कारण उजवा जेवणाचा असायचा. दोन विरुद्ध दोन झालं असतं, पण ऐन वेळी तेजस फुटला. "माझी आई इथे असती तर ती पण अशीच ओरडली असती," म्हणाला. ठराव झाला की विचारल्याशिवाय कोणाच्या वस्तूला हात लावायचा नाही.

त्यामुळे जगातली सगळ्यात सज्जन आणि सगळ्यात दरिद्री टोळी आमची. पाच जणांत मिळून तलवार एक, दुसऱ्या गावातली ती महागडी. तीसुद्धा काका रोज ज्याला लढायचं असेल त्याला इश्यू करायचे आणि लढाई झाली की परत जमा करून घ्यायचे!

*

भरत आमचा वायरमन, कोपरीजवळच्या कोळीवाड्यातला. इंग्रजी वाचायचा कंटाळा, पण गोष्टीचा भारी शौक. त्याच्यासाठी मी सगळे संवाद मराठीत सांगायला लागले.

एकदा एक राजगुरू भेटला. त्याचं भाषण संपता संपेना. स्क्रीनवर अक्षरं सरकतायत, सरकतायत. माझा भात गार होत होता. मी म्हटलं, "तो म्हणतोय, उत्तरेला जा."

भरतने डब्यातून मान वर केली. "अगो ताय, दाढीवाला येवढा वेल तोंड हलवतोय नि तू चार शब्दांत गुंडाळलास?"

मग पहिल्यापासून सांगावं लागलं. त्या भाषणात राजगुरूच्या मेलेल्या बायकोबद्दल दोन ओळी होत्या. इतक्या वेळा खेळून मी त्या कधी वाचल्याच नव्हत्या. भरतने ते ऐकून घास खाली ठेवला. माझ्याकडे बोंबलाची चटणी सरकवत म्हणाला, "बघ. त्याच्या मनात काय होतं नि तू आमाला नुसतं उत्तरेला धाडीत होतीस."

*

आता तेजसचा पराक्रम. आम्ही एका तळघरात रोज चुकायचो. तेजसने मनावर घेतलं आणि ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये तळघराचं रीतसर ड्रॉइंग केलं. स्केल, मापं, खाली चौकट, त्यात "काढणार: तेजस, तपासणार: सुरेखा, रिव्हिजन ३". सापळ्यांना लाल खुणा, खजिन्याला हिरवी. इतकं सुबक ड्रॉइंग त्याने कंपनीसाठी कधी केलं नव्हतं!

ते पॅनलच्या ड्रॉइंगबरोबर चुकून एका कस्टमरला मेल झालं.

दोन दिवस तेजसने डबा उघडला नाही. त्याचा प्रोबेशन पिरियड चालू होता. सुरेखाने त्याला रोज अर्धी पोळी जबरदस्तीने भरवली. तिसऱ्या दिवशी कस्टमरचं उत्तर आलं. तळघराच्या ड्रॉइंगवर शिक्का आणि सही. मंजूर! खाली फक्त एक शेरा होता.

"केबल एंट्री खालून द्यावी."

*

एका शुक्रवारी साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. पाचही जणांना. कोणाच्या डब्याला झाकणसुद्धा लावायचं सुचलं नाही.

"जेवणाच्या सुट्टीत टेस्टिंगला काय चालतं?"

काका पुढे झाले आणि सगळं सांगून टाकलं. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तो देवळातला पुजारी खोटारडा आहे," ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"सोमवारी म्हणाला, देवळाच्या तळघराची किल्ली वर्षापूर्वी हरवली. बुधवारी म्हणाला, तळघर मी रोज झाडतो. किल्ली नाही तर झाडतो कसा? वृषाली, तू इतक्या मोठ्याने वाचतेस की माझ्या केबिनमध्ये सगळं ऐकू येतं. आणि तुम्हा पाच जणांच्या डोक्यात एवढं साधं येत नाही?"

खरंच आलं नव्हतं. आम्ही माना खाली घालून बाहेर पडलो. मागून साहेब म्हणाले, "आणि सोमवारी जरा लवकर सुरू करा. मला दोनची मीटिंग आहे!"

*

मग ती बातमी आली. कारखाना अंबरनाथच्या नव्या शेडमध्ये जाणार, ऑफिस इथेच राहणार. म्हणजे भरत आणि तेजस तिकडे, सुरेखा आणि आता नुसते टेस्ट रिपोर्ट बघणारी मी इकडे. काका त्याच महिन्यात रिटायर. जुना टेस्ट बेंच आणि माझा कॉम्प्युटर भंगारात. शेवटच्या शनिवारी दीड वाजता टेम्पो येणार होता.

मला काही सुचेना. वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त घाई झाली होती. शनिवारच्या आत शेवट गाठायचाच! मी त्या चौघांना अक्षरशः पळवलं. "वाटेत कोणाशी गप्पा नाहीत. पुजारी नाही, लोहार नाही, कोणी नाही." माझंच मला नवल वाटत होतं. बोलायला शिकवलं मी, आणि आता गप्प बसवतही मीच होते.

शनिवारी एक वाजता आम्ही शेवटच्या दारापाशी होतो. दार उघडायचं, आत शत्रूशी सामना, आणि मग तो शेवट. वीस मिनिटांचं काम. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते एका क्लिकवर होतं.

दाराच्या आधी एक कोठडी लागते. भरतने आत डोकावायला लावलं. आत एक कैदी होता. त्याला बाहेर काढता येत नाही. तो एवढंच म्हणतो, "किनाऱ्यावरच्या गावात माझी आई आहे. तिला सांगा, मी जिवंत आहे."

"चला," मी म्हटलं, "दार उघडते."

"नि आयशीला कोन सांगंल?" भरत म्हणाला.

मी समजावलं. त्यातून काही मिळत नाही. ना पॉइंट, ना वस्तू. ते गाव नकाशाच्या दुसऱ्या टोकाला आहे, जाण्यातच सगळा वेळ संपेल. आणि हे दार एकदा उघडलं की गेम संपतोच, मागे फिरता येत नाही. आधी दार की आधी आई, दोन्ही जमणार नाही.

"मताला टाका," सुरेखा म्हणाली.

दार उघडायला हात वर झाला एक. माझा.

मला राग आला. खरंच आला. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही राग आला. "अरे, हा शेवट तुम्हाला दाखवायला मी किती वर्षं थांबलेय ठाऊक आहे? सोमवारी आपण कुठे आणि हा गेम कुठे?"

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, डावा.

"शेवट तुला ठाऊक आहे, वृषाली," ते म्हणाले. "त्या बाईला तिचा मुलगा जिवंत आहे हे ठाऊक नाही."

मी टोळी मागे फिरवली.

किनाऱ्यावर पोचेपर्यंत दीड वाजला होता. झोपडीत म्हातारी एकटी. मी निरोप सांगितला. तिने जे उत्तर दिलं ते मी आधी कधीच वाचलं नव्हतं, कारण मी कधी परत आलेच नव्हते.

"बारीक झालाय का गं तो?" मी मराठीत सांगितलं. खाली दोन पर्याय होते. खरं सांगा. खोटं सांगा.

कोठडीतला तो कैदी म्हणजे नुसती हाडं होती.

काका म्हणाले, खरं. तेजस म्हणाला, खरं. भरत आणि सुरेखा म्हणाले, खोटं. मी पाचवी. माझा हातच वर होईना, स्क्रीन धुरकट दिसत होता.

तेवढ्यात दारात एक डावा हात वर झाला. टेम्पोवाला होता. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर दोरखंड, कधीपासून उभा होता कोण जाणे.

"खोटं सांगा," तो म्हणाला. "अंगाने भरलाय म्हणा."

मी क्लिक केलं. काकांनी घड्याळ बघितलं. "अहो, पण तुमचा टेम्पो खोळंबला असेल."

"टेम्पो कुठे पळतोय!" दोरखंड जमिनीवर टाकत तो म्हणाला. "म्हातारी काय बोलते ते वाचा आधी."