धवल्यासाठी माइक

अंधेरीच्या दुकानात काउंटरवर दोन माइक ठेवले होते. एक हातभर लांब, दांड्यासारखा; लांबून नेम धरून आवाज पकडणारा. त्याला तिथे गन माइक म्हणत. दुसरा साधा, मुठीत मावणारा, पण तोंडाजवळ धरावा लागणारा. भाड्याने एकच घेता येणार होता. रेकॉर्डर आधीच ठरला होता, बॅटरीवर चालणारा कॅसेटवाला.

आमचा विद्यार्थी-चित्रपट माहुलच्या एका धवलारणीवर होता. लग्नातल्या विधींची गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी ही कोळी बाई. कॅमेरा मुका होता, त्यामुळे आवाज वेगळा घ्यायचा होता. तिच्या गाण्याशिवाय चित्रपट उभा राहत नव्हता आणि चित्रपट दाखवल्याशिवाय आम्हा दोघांचा अभ्यासक्रम पुरा होत नव्हता. कॅमेरा मित्राकडे होता, आवाज माझ्याकडे.

चाचणीसाठी दोन ओळी म्हणून दाखवा, असं तिला आधी विनवून पाहिलं होतं. मासळी निवडता निवडता ती म्हणाली, "लगीन नाय तं धवला कशाला? अपशकुन होतो." म्हणजे गाणं वस्तीतल्या येत्या लग्नाच्या हळदीलाच, एकदाच. माइक न ऐकताच निवडायचा होता.

"गन घे," मित्र म्हणाला. "लांब उभी राहा. कोणाला कळणार पण नाही."

"मांडवामागे रिफायनरी आहे. तिकडे नेम धरला की तिची घरघर पण येणार."

"आणि छोटा घेऊन तू कुठे बसणार? तिच्या मांडीवर?"

"बायकांत. मी बाई आहे, विसरलास वाटतं."

"वाट लागली तर सरांना तू सांगायचं हां."

मी छोटा माइक घेतला.

हळदीच्या सकाळी नवरीभोवती बायकांचं कडं बसलं. धवलारणीने सरकून मला शेजारी जागा दिली. माइक तिच्या हनुवटीखाली धरला, रेकॉर्डर मांडीवर घेतला, हेडफोन कानाला लावला. तिने पहिली ओळ म्हटली, बायकांनी ती उचलली. घरघर खूप मागे, पुसट. निवड बरोबर होती.

दुसऱ्या ओळीनंतर ती थांबली आणि माझ्याकडे वळली. टेप फिरत होती.

"तू का गप?"

मी माइककडे बोट दाखवलं.

"कड्यात बसलीस तं म्हनाला लागंल, पोरी. गप बसाचं तं भायेर जा."

"कॉलेजची हाय, लाजते," मागून कोणीतरी म्हणालं. बायका हसल्या. ती हसली नाही. नवरीच्या गालावरची हळद वाळू लागली होती आणि हळद लावणारे हात थांबलेले होते. बाहेर गेले असते तर गाणं हातचं गेलं असतं. म्हटलं असतं तर तिच्यानंतर माइकला सर्वांत जवळचा आवाज माझा असणार होता. मला शब्द येत नव्हते, सूर तर नाहीच. मित्राने कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं.

तिने तिसरी ओळ उचलली. माइक जमेल तेवढा तिच्याकडे ढकलून मी बायकांबरोबर ती म्हटली. हेडफोनमधून माझा आवाज मलाच ऐकू आला, बायकांच्या अर्धा शब्द मागे. शेवटपर्यंत म्हणत राहिले.

संकलनाच्या खोलीत मित्राने सगळी टेप ऐकली.

"घरघर नाही," तो म्हणाला. "तू आहेस."

तो आवाज वेगळा काढता येत नव्हता. चित्रपट तसाच दाखवला. दिवे लागल्यावर सरांनी पहिला प्रश्न विचारला, "ती बेसूर बाई कोण?"

"नवरीकडची," मित्र म्हणाला.

सरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न कॅमेऱ्याबद्दल विचारला.