झाकणाच्या आतल्या रेघा

आईनं दादांचं घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "हे विक अन् मला कानाची मशीन आण. दोन्ही कानाची."

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आईला तर त्याआधीपासूनच ऐकू येत नव्हतं. मशीन आम्ही घेऊन देतो, असं मी आणि भावानं किती वेळा ओरडून सांगितलं असेल! पण ती एक ऐकायची नाही, म्हणजे दोन्ही अर्थांनी नाही. "लेकरांच्या पैशाची नको. तुझ्या दादांचं घड्याळ हाय, त्याच्यातूनच घे," असा तिचा हट्ट.

दादा भोकरला शाळेत शिपाई. शाळेचा टोल त्यांच्या हातात, आणि टोल या घड्याळावर. चावीचं, स्विस बनावटीचं, लग्नाआधी हैदराबादेत कुणाकडून तरी जुनंच घेतलेलं. रोज सकाळी चावी दिली की ते चुलीपाशी बसलेल्या आईच्या डाव्या कानाला लावायचे. "बघ गं, चालू हाय का?" आई म्हणायची, "हाव, चालू हाय." मगच दादा घराबाहेर पडायचे. पुढं पुढं मात्र ते सांगायला लागले की घड्याळाचा आवाज बसलाय. वेळ तर बरोबर दाखवतंय, असं आम्ही म्हटलं की चिडायचे. आई अजूनही सांगते, "आधी घड्याळाचा आवाज गेला, मग माझे कान गेले."

आता माझा शहाणपणा ऐका. मी राहते लातूरला. मला वाटलं, असली पिवळी पडलेली डायल बघून कोण पैसे देणार? बाजारातल्या एका दुकानात दिलं आणि डायल खरवडून नवी रंगवून घेतली, आकडे नवे छापून घेतले, वरून पॉलिश. घड्याळ कसं नव्या नवरीसारखं दिसत होतं. मीच माझी पाठ थोपटली आणि नांदेडला निघाले. दादा ज्यांच्याकडं घड्याळ दुरुस्तीला न्यायचे, ते म्हातारे चाचा अजून दुकानात बसतात. किंमत त्यांनाच विचारायची होती.

चाचांनी घड्याळ बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"या अल्ला! बाई, काय करून बसल्या तुम्ही हे?"

"का? चांगलं नाही झालं?"

"अहो, त्या पिवळ्या डायलीचेच तर पैसे होते! शौकीन माणूस जुनी डायल मागतो. मागच्या महिन्यात असंच एक चाळीस हजाराला गेलं. आता याचे निम्मे आले तरी नशीब समजा."

आईचा एक कान मी स्वतःच्या हातानं, वर पैसे देऊन, खरवडून आले होते. राग कुणावर काढायचा? मी चाचांवरच काढला. म्हटलं, तुमच्या शौकीन लोकांना अक्कल आहे का, जुनाट मळकं तेवढं पाहिजे!

चाचांनी घड्याळ उलटं केलं, मागचं झाकण उघडलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "इथं पॉलिशवाला पोचला नाही. बघा."

झाकणाच्या आतल्या बाजूला केसाएवढ्या बारीक रेघा, अक्षरं, आकडे कोरलेले होते. घड्याळ उघडलं की कारागीर आतून आपली खूण करतो, अशी या धंद्यातली रीत. वरच्या खुणा उर्दूत, त्या चाचांच्या वडिलांच्या. खालच्या चाचांच्या. दर उन्हाळ्यात एक, शाळा उघडायच्या आधी. नोकरी होती तोवर एकही उन्हाळा चुकलेला नाही! चाचा एकेक साल वाचून दाखवत गेले. माझ्या जन्माचं वर्ष त्यात होतं, माझ्या लग्नाचंही होतं. माझा बाप त्या पत्र्यावर सगळा हजर होता.

"अन् या तीन?" शेवटी एकाच वर्षाच्या तीन खुणा होत्या, एकाला एक लागून.

चाचांनी चष्मा काढला. "त्या साली तुमचे वालिद तीनदा आले. म्हणायचे, घरचीला आवाज येत नाही, यंत्र बसलंय. मी उघडायचो, तर घड्याळ ठणठणीत! तिसऱ्यांदा मी हळूच म्हटलं, दादा, घड्याळ नको, वहिनींचे कान दाखवा. मग म्हणाले, तिला कळलं तर ती खचंल. घड्याळच बिघडलंय म्हणतो मी."

आयुष्यभर मिनिटाला मिनिट खरं बोललेल्या त्या घड्याळावर दादांनी खोटा आळ घेतला होता, आणि आम्ही पोरं हसत होतो.

चाचांनीच लातूरच्या, जुन्या घड्याळांची हौस असलेल्या एका डॉक्टरांना फोटो पाठवले, झाकणाचासुद्धा. त्यांनी वीस हजार लगेच पाठवले आणि घड्याळ सवडीनं आणून द्या म्हणाले. तेवढ्या पैशात एकाच कानाची मशीन आली. माझा पराक्रम मी आईला कागदावर लिहून दाखवला. तिनं मला दोन शिव्या दिल्या आणि मशीनवाल्याला म्हणाली, "डाव्या कानाला बसव."

घरी आलो. पंख्याच्या आवाजानं ती दचकली, कुकरच्या शिट्टीला तर उठूनच उभी राहिली. मग मी घड्याळाला चावी दिली आणि तिच्या डाव्या कानाला लावलं.

तिनं माझा हात तिथंच धरून ठेवला.

"चालू हाय," ती म्हणाली. "कधी नीट केलं गं?"

"बिघडलंच नव्हतं, आई." आणि मी तिला त्या तीन खुणांचं सांगितलं.

"बघा बाई! मरेपर्यंत खोटं बोलला माणूस, अन् मला पत्ता लागू दिला न्हाई!" ती रडत होती की हसत होती, मला कळेना. डोळे पुसून तिनं घड्याळ पुन्हा कानाला लावलं आणि नंतर माझ्या हातात दिलं.

"देऊन टाक त्या डॉक्टरला. सांग त्याला, आवाज पहिल्यासारखाच हाय."