चार बोटं खाली

दुपारचं जेवण झालंय, एकटीपुरता पिठलं-भात, आणि कालिंदीबाई चटईवर नुसत्या आडव्या झाल्यात. झोपायचं नाहीये. संध्याकाळच्या गाडीनं नाशिकला जायचंय, बॅग भरायची राहिलीय. पण पंखा घरघरतोय, पापण्या जड होतायत, आणि डोळा लागतोय न लागतोय तोच शिलाई मशीन चालू झाल्याचा आवाज येतो.

मशीन तर केव्हाच विकलं. तरी ते कोपऱ्यात आहे, आणि मुकुंदराव त्यावर बसलेत. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. नवरा जाऊन वर्ष उलटलं, पण या घटकेला बाईंना त्याचं काही विशेष वाटत नाही.

"अहो, तुम्ही इथं?"

"मग कुठं असणार? उद्या स्पर्धा ना तुझी?"

स्पर्धा कसली, तर बांबू उडीची. त्या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळतात. आमच्या कालिंदीबाईंनी पन्नाशी उलटल्यावर हातात पोल धरला! कॉलेजच्या मैदानावर फिरायला गेल्या, पोरी उंच बारवरून पलीकडच्या गादीवर पडताना पाहिल्या, आणि घरी येऊन म्हणाल्या, मला हे करायचंय. भाऊबंद हसून हसून बेजार. मुकुंदराव तेवढे म्हणाले, "कर की. बार मी लावतो." मैदानावरच्या खांबांचे आकडे पार पुसलेले. पण हे गावातले नावाजलेले शिंपी. आपल्या टेपनं मोजून बार चढवायचे, आणि बाई पलीकडे पडल्या की ओरडायचे, "दोन मीटर! गेलीस गं, गेलीस!"

उद्या नाशिकला प्रौढांच्या राज्य स्पर्धेत बार दोन मीटरपासूनच लागणार आहे. आणि परवा पोरींनी नीट मोजून दोन मीटरवर लावला, तेव्हा बाईंनी तिन्ही वेळा तो पाडला. तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय.

आता स्वयंपाकघराला पलीकडची भिंत नाही. ओट्याच्या मागं मैदान आहे, चटई लांबत लांबत धावायची पट्टी झालीय. मुकुंदराव स्टुलावर उभं राहून बार लावतायत.

"खरं सांगा," बाई म्हणतात, "मी कधी दोन मीटर गेले होते का?"

ते बारची टोकं सारखी करत राहतात.

"गप्प बसू नका. अख्ख्या गावाचे कपडे शिवलेत, कधी सूतभर चुकला नाहीत तुम्ही."

"चार बोटं खाली लावायचो," ते हळूच म्हणतात. "कापडात सोडतो तशी थोडी माया सोडत होतो."

"एकदाच ना?"

"दरवेळी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाते. "जळलं मेलं तुमचं कौतुक! गावभर पेढे वाटले हो मी! आता उद्या चारचौघांत नाक कापून घेऊ?"

"गादीवर पडलीस की तू माझ्याकडे बघायचीस," मुकुंदराव म्हणतात. "तोंड कसं लहान पोरीसारखं व्हायचं तुझं. ते बघायची चटक लागली मला. चुकलंच माझं."

बाईंना एकदम रडू फुटतं. रागावर पाणी पडतं.

"आणि उद्या हो? उद्या पडल्यावर मी कोणाकडे बघू?"

ते खिशातून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढतात आणि बारला या टोकापासून त्या टोकापर्यंत फासतात.

"हे खरे दोन मीटर. शिवलीस तर रंग लागेल, मला खोटं बोलता यायचं नाही. पण घाबरू नकोस. बार नुसता लागला तरी चालतं, पडता कामा नये. धाव आता."

बाई धावतात. ओटा मागं पडतो, दळणाचा डबा, बाजारपेठ, शाळेचं फाटक. पोल थेट मोरीत रोवला जातो, वाकतो, आणि पाय आभाळाकडे जातात. खाली मुकुंदरावांचं टक्कल दिसतंय. ते मान वर करून बघतायत.

"अहो, राहिला का?"

पाठ चटईला टेकते. वर पंखा घरघरतोय.

कोपरा रिकामा आहे. बाई उठून बसतात, लुगड्याचा काठ सारखा करायला जातात, तर नडगीवर आडवा निळा पट्टा. बोट ओलं करून घासलं, तर बोटाला खडू लागतो.

लागला होता तर. पण पडला की राहिला? बघणारा एकच माणूस होता.

"निदान तेवढं सांगून तरी जायचं होतंत," कालिंदीबाई रिकाम्या खोलीला म्हणतात, आणि पाय न धुताच बॅग भरायला घेतात.