जयंती पेंटरची चूक

जयंती पेंटरला राम राम घालायची सोय नव्हती. घातला की उत्तर द्यायच्या आधी तो विचारायचा, "भाऊ, आज तारीख कोणती हाय, म्हाईत हाय का?" आज अमक्या गिटारवाल्याची जयंती, तमक्या ढोलवाल्याला जाऊन तीस सालं झाली, फलाण्या रेकॉर्डनं पन्नाशी गाठली. माझं गेवराईत खत-बियाण्यांचं दुकान, समोर त्याचं. दारात पोत्यांची गाडी उभी, हमाल ओरडतायत, आणि हा मला केस वाढवलेल्या कुठल्या तरी गोऱ्याचं सुतक सांगतोय! मला हा माणूस कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, मागाहून गैरसमज नको.

त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच आठवत असेल तर असेल. गावानं जयंती ठेवलं ते कायमचं. सौदीत कामाला असलेल्या मामूनं त्याला लहानपणी खोकंभर रॉकच्या कॅसेटा आणून दिल्या, आणि पोरगा बिघडला तो बिघडलाच. अक्षरं काढायलाही तो त्या कॅसेटांवरूनच शिकला. त्यामुळं त्याच्या हातची प्रत्येक पाटी टोकदार, विजा पडल्यासारखी. माझ्या 'कृषी सेवा केंद्र'च्या पाटीवर त्यानं 'कृ'च्या पोटातून आग काढली. म्हातारे शेतकरी विचारायचे, हितं फटाके मिळत्यात का? मी त्याला बोललो, तर म्हणाला, "भाऊ, लांबून वाचता येती का न्हाई? मग झालं की!"

पुढं फ्लेक्सचा जमाना आला. त्यानं छपाईचं यंत्र घेतलं आणि त्याच्या खुळाला रान मोकळं मिळालं. दुकानातल्या कॅलेंडरवर हिंदूंचे सण लाल, मुसलमानांचे हिरवे, आणि ह्यानं हातानं गोल केलेले रॉकवाल्यांचे जांभळे. जांभळ्या तारखेला चौकात फ्लेक्स लागणार म्हणजे लागणार. एकदा एका दाढीवाल्या गायकाचा लावला, तर उमापूरच्या बायका बाबा समजून नारळ फोडून गेल्या. एका रेकॉर्डच्या पन्नाशीच्या फ्लेक्सखाली पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स झाकला गेला, तेव्हा पुढाऱ्याची माणसं अंगावर धावून आली. पेंटर शिडीवरून उतरलासुद्धा नाही. "तुमच्या सायबाचा वाढदिस दर साली येतो बे. पन्नाशी एकदाच येती!"

असल्या माणसाला मी कामाला लावायलाच नको होतं. पण नड माझी होती.

आमचे आबा शाळामास्तर होते, इतिहास शिकवायचे. एकदा जेवणावर पाहुण्यांपुढं त्यांनी तोच जुना किस्सा तिसऱ्यांदा सुरू केला आणि मी फाडकन बोललो, "आबा, पुरे आता, लोकांना कामं आहेत." आबांनी ताटातच हात धुतला. दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून ते धारूरला माझ्या बहिणीकडे निघून गेले. बाप लेकीच्या दारात राहतो म्हणून गावानं मला काय काय नावं ठेवली असतील, ती ठेवली. चूक माझी होती. पण 'चुकलं' हा शब्द आमच्या तोंडातून निघेल तर शपथ! वर्ष उलटलं. आबांना पंच्याहत्तरावं लागणार होतं. बहिणीनं मिनतवाऱ्या करून त्यांना त्या दिवसापुरतं यायला तयार केलं. मी ठरवलं, तोंडानं जमत नाही तर फ्लेक्सनं बोलू. स्टँडसमोर, उतरताच दिसेल असा. पेंटरला फोटो आणि चिठ्ठी दिली: 'आबांना दीर्घायुष्य लाभो. घर तुमची वाट बघतंय.'

आणि नेमकी ती तारीख निघाली जांभळी. कुणा गिटारवाल्याची पुण्यतिथी. दोन्ही फ्लेक्स एकाच मापाचे, एकाच सकाळी छापलेले, आणि पेंटरचा जीव कुठं अडकला होता हे सांगायला नको. चौकात तो मेलेला गिटारवाला झळकला, खाली 'आबांना दीर्घायुष्य लाभो. घर तुमची वाट बघतंय.' स्टँडसमोर आमचे आबा, हार घातलेले, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

मी हार घेऊन पोचेपर्यंत आबा गाडीतून उतरले होते. फ्लेक्सकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं, आणि समोर लागलेल्या परतीच्या, बीडच्या गाडीत जाऊन बसले.

मी पेंटरची गचांडी धरली. तो म्हणाला, "भाऊ, चूक माझी हाय." इतक्या सहज म्हणाला की माझं डोकं आणखीच फिरलं. वर म्हणतो, "मेल्याची खोटी खबर आली की उमर वाढती म्हणत्यात."

"तुझी वाढव," मी म्हणालो. "माझ्या दुकानाची पायरी चढायची नाही."

तो चढला नाही. चार दिवस दुकान बंद ठेवून धारूरला गेला. तिथं काय झालं ते मला बहिणीनं सांगितलं. हा आबांपुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "गुरुजी, मजकूर तुमच्या लेकानं बरुबर दिलता. चूक माझी." आणि माझी चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. आबांनी माझं अक्षर ओळखलं. 'घर तुमची वाट बघतंय' हे दोनदा वाचलं म्हणे. तरी पहिल्या दिवशी उठले नाहीत. चौथ्या दिवशी पेंटरबरोबर गाडीत बसले.

आबा घरी आले, आणि मला नवा ताप सुरू झाला. तारखांचा नाद दोघांनाही. रोज सकाळी आबा समोरच्या दुकानात, आणि दुपारी ताटावर मला ऐकवणार, आज कोणत्या ढोलवाल्याची जयंती! मी मुकाट्यानं ऐकायचो. समोर मात्र बघायचो नाही. ज्यानं माझा बाप घरी परत आणला त्याच्याशी मी तीन वर्षं बोललो नाही. "भाऊ माझ्याशी बोलत न्हाई, कावून?" असं तो आबांना विचारायचा म्हणे.

मग एका दुपारी यंत्र चालू असतानाच तो खुर्चीत कलंडला. गर्दी बघून मी रस्ता ओलांडला तेव्हा सगळं संपलं होतं. मेल्यानं माफी मागायलासुद्धा सवड दिली नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही माझा.

वर्ष झालं तेव्हा मी त्याच्या घरी जाऊन विचारलं, फ्लेक्स लावू का? त्याची बायको म्हणाली, "फोटो नगं, आमच्यात लावत न्हाईत. नुस्ती अक्षरं चालत्याल." मी दुसऱ्या फ्लेक्सवाल्याकडे चिठ्ठी दिली. तो वाचून म्हणाला, "भाऊ, गेलेल्या माणसाला दीर्घायुष्य?"

"तसंच छाप. आणि अक्षरांतून आग निघाली पाहिजे."

सकाळी आबांना हाताला धरून स्टँडसमोर नेलं. 'पेंटरला दीर्घायुष्य लाभो.' आबांनी मान वर करून वाचलं. मग चष्मा काढून मास्तरी आवाजात म्हणाले, "ह्या खेपेला चूक कुणाची?"

"माझी, आबा," मी म्हणालो. "त्या खेपेलाही माझीच."