दहावं निशाण

अख्ख्या परभणी जिल्ह्यात रस्ता कधीच न चुकणारं माणूस एकच, अन् ते म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीची पोरगी. मी चार बुकं शिकलेला, मला वाढवून लिहिता येत नाही. पण या पोरीला डोळे बांधून विहिरीत सोडलं तर ती आधी उत्तर कुठं ते सांगंल अन् मग बुडंल. तिचा खेळच तसला. हातात नकाशा अन् होकायंत्र देऊन अनोळखी जंगलात सोडतात. झाडाझुडपांत टांगलेली निशाणं ओळीनं हुडकत पळायचं, लवकर येईल तो पहिला. त्यासाठी ही पार स्वीडनला जाऊन राहिलीय. मी म्हणालो, "अगं, आमच्याकडं म्हैस सुटली की सगळं गाव हाच खेळ खेळतंय. त्याला विमान कशाला लागतं?" एकदा तिकडून फोन आला, शर्यतीत एकसष्टावी आले म्हणून. "मग एवढी हरखून काय सांगायलीस?" "काका, मागच्या बारीला दलदलीत रुतून बसले होते. ह्या बारीला पोचले तरी!" तेवढ्यावर माझ्या बायकोनं गल्लीत साखर वाटली. पहिली आली म्हणून सांगितलं, ते वेगळं.

ती बायको पौषात गेली. आमच्यात जाळत नाहीत, आपल्याच रानात समाधी देतात. दिली, अन् त्यानंतर मी रानाकडं पाय टाकला नाही. गुडघे दुखतात, कापसात वाट दिसत नाही, कुत्री अंगावर येतात. ज्याला जे पटंल ते कारण सांगायचो. पोरगी तेव्हा तिकडं होती, आली ती दसऱ्याला. आल्या आल्या म्हणाली, "काका, मावशीची जागा दाखवा." मी भडकलो. "परदेशातली जंगलं हुडकतीस ना? मग हुडक की!"

आता सुट्टीला आलेल्या माणसानं गप बसावं का नाही? सराव मोडू नये म्हणून तिनं आमच्या शिवाराचाच नकाशा काढला. चालणं सगळं सुई दाखवंल तिकडं, मधी गोठा आला तर गोठ्यातून. सरपंचाच्या आईनं धार काढता काढता विचारलं, "बाई, कुठं निघालीस?" "उत्तरेला, आजी." म्हातारीनं वासरू बाजूला ओढलं अन् वाट दिली. मग हिनं बांधाबांधावर दहा नारंगी-पांढरी निशाणं टांगली, अन् गावाला वाटलं, हायवेची मोजणी आली! शेजारच्या बापूनं मोबदला वाढावा म्हणून दुपारच्या आत निशाणाभोवती आंब्याची रोपं लावली. दुसऱ्या एकानं आपल्या बांधावरचं काढून भावकीच्या रानात नेऊन टांगलं. पोरगी घामाघूम होऊन परत आली. मी म्हणालो, "काय, चुकलीस?" "मी बरोबर हाय काका. निशाणच पळायलंय." शेवटी गोळा करायला गेली तर नऊच मिळाली. मी पारावर बसून सगळ्या गावाला चोर ठरवलं, बापूला तर नाव घेऊन.

जायच्या आदल्या दिवशी तिनं नकाशा माझ्या पुढ्यात ठेवला. ओढा, विहीर, बाभळी, सगळं जागच्या जागी. आमच्या घरावर त्रिकोण, म्हणजे इथून निघायचं. पोचायच्या ठिकाणी एकात एक दोन गोल काढतात म्हणे. ते कुठंच नव्हते.

"एवढं एक ठिकाण सापडंना बगा. तुमीच चला."

"गावात कुणालाबी विचार."

"विचारलं की खेळातून बाद करतात."

टोपी घातली अन् निघालो. ती पोरगी जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी मागं चालत होती, तेही गोगलगाईसारखी. कापसातून बोरीपाशी पोचलो. समाधीवर गवताची काडी नव्हती, वरून शेणानं सारवलेलं. अन् बोरीच्या फांदीला दहावं निशाण.

"लबाडे! ही जागा कवा हुडकलीस?"

"आले त्याच दिवशी."

मी खाली बसलो. किती वेळ बसलो ते तिनं घड्याळात मोजलं असंल. मला काही सांगितलं नाही.

ती गेली परत आपल्या जंगलात. नकाशा भिंतीवर आहे, त्यावरचे दोन गोल मी पेन्सिलीनं काढलेत, वाकडेतिकडे. बापूचे आंबे जगलेत, त्याला चोर म्हणालो ते अजून परत घेतलं नाही. दर सोमवारी रानात जातो. वाटेत कुणाकुणाशी बोलत उशीर होतोच. पूर्वी उशीर झाला की बायको बांधावरूनच ओरडायची, "आलात का गाव हिंडून?" आता ओरडणारं कुणी नाही; तरी बोर दिसली की माझे पाय आपोआप भराभर पडतात.