तानाबाईचा जाळ

राधानगरीच्या धरणाचं काम निघालं त्या सालची गोष्ट. उचगावच्या आमच्या मळ्यात गुऱ्हाळ लागायचं, तिथं चुलवाणाला जाळ घालायचं काम जोतीराम करायचा. तो तापानं गेला आणि त्याची बायको तानाबाई पदर खोचून त्याच्या जागी बसली. दोन पोरांच्या पोटाला दुसरा आधार नव्हता.

जाळ घालणारा खाली खड्ड्यात, चुलवाणाच्या तोंडाशी बसतो. वर काहिलीत रसाचं काय झालंय ते त्याला दिसत नाही. रस आटवून गूळ करणारा गुळव्या वरून ओरडेल तेवढंच. ‘जाळ वाढीव’ म्हटलं की वाळली चिपाडं आत सारायची. ‘धगीवर ऱ्हाऊ दे’ म्हटलं की नवं काही न घालता निखाऱ्यावर ठेवायचं. ‘जाळ तोड’ म्हटलं की जळतं सगळं बाहेर ओढायचं. तानाबाईचे हात कोपरापर्यंत पोळलेले असत. मी तिला एवढंच सांगितलं होतं, बाई, चिपाडं आपटून घाल, किडामुंगी जळायला नको. आमचा जैनांचा धर्म काही तिचा नव्हे, पण तिनं कधी मूठ न झाडता घातली नाही.

हंबीरराव गुळव्याला ते खपायचं नाही. “मुंग्यांची आई बसवलीया खाली,” म्हणायचा.

पौषातल्या एका दुपारी बस्तीतून जिनदेवाचं दर्शन घेऊन मी मळ्यात गेले. पाक होत आला होता आणि हंबीरराव बांधावर पावण्यांशी गप्पा मारत उभा होता. करपल्याचा वास सुटला तेव्हा पळत आला. तोवर सगळी काहील काळी.

मामंजी आले, तर हा म्हणतो कसा, “अण्णासो, बाई मुंग्या झाडत बसली, जाळ मागं पडला, म्हणून करपलं.”

चार पुरुष उभे होते, एकानंही ‘असं कसं’ विचारलं नाही. अहो, जाळ कमी पडून कधी आमटी तरी करपते का? पाक कच्चा राहील, करपेल कसा? जन्मभर बायकांच्या हातचं खाऊन एवढंही कळू नये?

मामंजींपुढं मी तोंड उघडत नसे. त्या दिवशी म्हणाले, “जाळ तोड म्हणून हाक आलीच नाही, मामंजी. हंबीरराव बांधावर होते.”

“सूनबाई, घरी चला,” मामंजी म्हणाले. आणि तानाबाईला, “तू उद्यापासनं येऊ नको.”

नवा गडी आला, त्याला जाळ जमेना, धुरानं माणसं खोकून बेजार. आठवडाभरात मामंजी आपण होऊन तिच्या दारात गेले. “बाई, झालं गेलं सोड. कामावर ये.”

“येते की मालक. पर कुणामुळं करपलं ते हंबीररावानं चार मानसांत सांगावं.”

“आता ते कशाला उकरायचं?”

“मग माझ्याच नावावर ऱ्हाऊ दे म्हंता व्हय? न्हाय यायची.”

तेव्हापासून ती निम्म्या मजुरीवर दुसऱ्यांच्या रानात तण भांगलते. हंबीरराव मात्र आमच्या ओसरीवर पाय पसरून बसतो आणि त्याला गूळ-पाणी द्यायला मामंजी मला सांगतात. मी तांब्या उंबऱ्याच्या आतच ठेवते. हवं असेल तर उठून घ्यावं.