मसाल्याच्या दुकानासाठी तीन कोटेशनं

एखादी वस्तू विकत न घेण्यासाठी माणूस किती राबू शकतो, हे ज्याला पाहायचं असेल त्याने माझ्या धाकट्या मामाला भेटावं. मामाने उभी हयात एका ऑफिसच्या खरेदी खात्यात काढली आणि निवृत्त होताना पेन्शनबरोबर एक नियमही घरी आणला: तीन कोटेशनं आल्याशिवाय काही घ्यायचं नाही. करी रोडच्या त्याच्या घरातला पंखा याच मार्गाने आला. तो येईपर्यंत दोन उन्हाळे गेले, पण दरांचा तुलनात्मक तक्ता इतका देखणा झाला होता की पाहुण्यांना घाम पुसत पुसत तो बघावा लागायचा.

अशा माणसाच्या हाती मामीचं ऑनलाइन दुकान सोपवण्याची बुद्धी आम्हाला कुठून झाली, देव जाणे! मामी मालवणी मसाला करते. करी रोडला चाळ होती तोवर तिला जाहिरात लागली नाही. तिने मिरच्या भाजायला घेतल्या की चारही मजले शिंकायचे आणि शिंका आवरल्या की डबे घेऊन दारात यायचे. चाळीच्या जागी टॉवर आला, निम्मे शेजारी विरार-बदलापूरला पांगले, उरलेल्यांनी दारं लावून घेतली, आणि अठराव्या मजल्यावर मामी एकटीच शिंकू लागली. पांगलेल्यांना मसाला घरपोच मिळाला तर तिचा हात चालू राहील, म्हणून घरातला एकुलता एक कॉम्प्युटरवाला या नात्याने मी म्हणालो, "ऑनलाइन विकू या." मामी हरखली. मामाने खाकी फाइल काढली.

पहिलं आलं होस्टिंग. इंटरनेटवर दुकान ठेवायला कुणाच्या तरी सर्व्हरवर भाड्याने जागा घ्यावी लागते, असं मी समजावलं. झालं! घर आणि भाडं या विषयात गिरणगावातल्या माणसाला कोणी शिकवू नये. कंपनीच्या मुलीला त्याने फोनवर विचारलं, "मॅडम, तुमचे सर्व्हर तळमजल्यावर तर नाहीत ना? आमच्या परळला पाणी भरतं, म्हणून विचारतो." ती बिचारी म्हणाली, सर्व्हर अगदी सुरक्षित आहेत, दर वर्षी पैसे भरले की झालं. "दर वर्षी? पागडीवर नाही का मिळणार? एकदाच काय ते देतो, पुढे मुलाबाळांच्या नावावर." तिने वरिष्ठांना विचारून सांगते म्हटलं. वरिष्ठ जेवायला गेले होते, ते अजून आलेले नाहीत. त्यातून स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर बरीच दुकानं असतात, हे कळल्यावर मामा भडकलाच. "म्हणजे चाळच की रे! जन्मभर सामाईक नळावर भांडलो, आता मसाल्यालाही तेच? सेल्फ-कंटेन्ड बघ काहीतरी."

मग यंत्रसामग्री. लॅपटॉप, लेबलं छापायचा प्रिंटर आणि वजनकाटा, एवढीच यादी. त्यासाठी लॅमिंग्टन रोडला इतक्या खेपा झाल्या की दुकानदार ती खाकी फाइल लांबून ओळखून अर्धं शटर ओढून घेऊ लागले. मामा प्रिंटर उलटा करून बघे, कानाशी धरून त्याचा आवाज ऐके. विकत घेणं तेवढं राहून जाई. सॉफ्टवेअरचं तर विचारूच नका. डेमो पाहून त्याने पहिला प्रश्न टाकला, "यात घासाघीस कुठे करायची?" तशी सोय नसते म्हटल्यावर त्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. मामीला एकच शंका होती, "वास जातलो रे त्यातून?" मामाने ती कंपन्यांना पाठवलेल्या पत्रात अट क्रमांक नऊ म्हणून घातली. एकाही कंपनीने तिला उत्तर दिलं नाही, यावरून या धंद्यातल्या लोकांची लायकी त्याला कळली.

गंमत अशी, की कोटेशनची मुदत पंधरा दिवसांची. तिसरं हातात पडेपर्यंत पहिलं बाद झालेलं असे आणि मामा आनंदाने पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. असे मसाल्याचे दोन हंगाम गेले. तिसऱ्या वर्षी लालबागला नवी मिरची आली तेव्हा मामी म्हणाली, "यंदा मी मिरच्या आणत नाय. कोणासाठी भाजू?" आवाज अजिबात चढवला नाही. भाजायची मोठी कढई तेवढी तिने माळ्यावर टाकायला काढली.

त्या दुपारी मामा माटुंग्याला माझ्या घरी आला, फाइल टेबलावर ठेवली आणि पाणीही न पिता म्हणाला, "तू कर काय ते. मला विचारू नको." मी एका रविवारात सगळं उरकलं: शेअर्ड होस्टिंग, फुकटातलं सॉफ्टवेअर, माझा जुना लॅपटॉप. मला खरंच राग आला होता. "मामा, एवढं सोपं होतं रे! उगाच का छळलंस तिला?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दुकान उघडलं आणि कोणी आलंच नाही, तर? चाळीत रांग लागायची तिच्या दारात. तिला काय सांगणार होतो मी?"

मामीने मिरच्या आणल्या, भाजल्या, दुकान उघडलं. ऑर्डर थेट तिच्या फोनवर येणार होती, म्हणून आठवडाभर तिने फोन हातातून सोडला नाही. काही आलं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या दारात कुरियरवाला उभा. एक किलो मालवणी मसाला, नाव माझं, पत्ता माझा. मी काही मागवलं नव्हतं. मला तर मिरीसुद्धा सोसत नाही. मामाला फोन लावला तर तो कुजबुजत म्हणाला, "गप घे. आणि दुकानाच्या पानावर खाली 'उत्तम' असं लिही."

संध्याकाळी मामीचा फोन. "पोचला काय रे?"

"हो मामी, मुद्दाम मागवला," मी दडपून सांगितलं.

ती हसली. "तू? पोह्यातली मिरची वेचून काढणारो तू? माका म्हायत आसा सगळां. ते तिथे कोपऱ्यात बसून बटणं दाबत होते नि इथे माझा फोन वाजला."

"मग पाठवलास कशाला?"

"त्यांना काय बोलू नको हां. उद्या आणखी मिरच्या आणतेय मी. चाळीस वर्षं पानात वाढलेलं मुकाट खाल्लं त्यांनी, बरं नाय नि वाईट नाय. स्वतःहून कधी मागून घेतलं नाय. आता मागितलंय, तर देऊ दे ना मला."